घरातलं रसायन (भाग ९) : गंज चढवायचा, मग थांबवायचा

गेल्या आठवड्यात गंज काढण्याबद्दल लिहिलं, आज नेमकं उलटं काम. बागेतल्या कुंड्या, नावाची पाटी, कंपाउंडचं फाटक यांना तांबूस-तपकिरी रूप हवं म्हणून हल्ली लोक 'कॉर्टेन'ची चौकशी करतात. यू. एस. स्टील या अमेरिकी कंपनीनं १९३३ मध्ये बाजारात आणलेलं हे पोलाद आधी रेल्वेच्या वाघिणींना वापरलं जाई. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मोलीन गावी जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं मुख्यालय त्यात उभं राहिलं आणि वास्तुविशारदांना त्या रंगाची गोडी लागली. कॉर्टेनमध्ये तांबं, क्रोमियम असे धातू थोड्या प्रमाणात असतात, म्हणून त्याचा गंज घट्ट बसतो आणि पुढचं गंजणं फार मंदावतं. साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) पत्र्याचा गंज भुसभुशीत. तो ओल धरतो आणि खालचं लोखंड खात राहतो. घरी जमते ती फक्त रंगाची नक्कल, हे आधीच मान्य करा.

पत्रा एम.एस.च घ्या. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, तो दाद देणार नाही. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तोही नको. गरम लाटलेल्या, म्हणजे एचआर पत्र्यावर निळसर काळी पपडी असते. ती राहिली तर गंज ठिपक्याठिपक्यांनी चढतो. पत्रा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी पॉलिश पेपरनं घासा, साबणानं तेलकटपणा घालवा.

मग औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, पाव वाटी व्हिनेगर आणि दीड-दोन छोटे चमचे मीठ. मोजमाप काटेकोर नको. पेरॉक्साइड ऑक्सिजन पुरवतं, व्हिनेगर पृष्ठभाग उघडा ठेवतं, मिठामुळे पाण्यातून वीजभार वाहू लागतो. गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रियाच आहे. उन्हात, उघड्यावर फवारा. फेस येतो आणि बघता बघता नारिंगी रंग धरतो. वाळलं की पुन्हा फवारा, पाच-सहा वेळा. हातमोजे, चष्मा हवाच. उरलेलं मिश्रण बाटलीत बूच लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते. ब्लीचिंग पावडर किंवा तसलं द्रावण तर जवळही आणू नका. व्हिनेगरशी त्याची गाठ पडली की क्लोरीन सुटतो.

इथवर कुणालाही जमतं. बिघडतं ते पुढे. रंग आवडला की लोक लगेच क्लिअर लॅकर मारतात आणि मीठ आतच राहतं. मीठ हवेतली ओल ओढतं, लॅकरखाली गंज वाढतच राहतो आणि थोड्याच काळात पापुद्रे उचलतात. म्हणून आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवा. मग काही दिवस नुसतं पाणी शिंपडून वाळू द्या. भडक नारिंगी उतरून तपकिरी येतो, बुकणी झडते. बोट फिरवून रंग लागेनासा झाला की पूर्ण कोरडा करून मॅट लॅकर किंवा मेण लावा. पावसात राहणाऱ्या वस्तूवर हा थर अधूनमधून पुन्हा द्यावाच लागतो. भार पेलणाऱ्या वस्तूंवर, जिन्याच्या कठड्यावर वगैरे, हा प्रयोग नको.

समुद्रालगत घर असेल तर हा खेळ आतल्या वस्तूंपुरता ठेवा. खाऱ्या वाऱ्यात खऱ्या कॉर्टेनचाही गंज घट्ट बसत नाही. पुढच्या आठवड्यात हिरड्याच्या काढ्यानं हाच गंज काळा करू. मूठभर हिरडे आणून ठेवा.