सतारीची परीक्षा आणि सुराची पारख

शाळेची परीक्षा पाठांतरावर कशीबशी निभावता येते, असा आपल्याकडे एक समज आहे. सतारीच्या परीक्षेला मात्र पाठांतर फार काळ पुरत नाही. तेथे उत्तर बोटांनी द्यावयाचे असते आणि ते ऐकणाऱ्याच्या कानाला पटावे लागते.

अशा पायरीपायरीच्या परीक्षा महाराष्ट्रात रुजल्या त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतून. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या या गवयाने 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर ही विद्या बहुधा गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळे. पलुसकरांनी तिला वर्ग दिले, क्रमिक पुस्तके दिली. 1931 साली ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. खेड्यातल्या मुलामुलींना याचा फायदा असा, की गुरू रोज भेटत नसला तरी यंदा काय यायला हवे ते अभ्यासक्रम सांगतो.

आता परीक्षक काय पाहतो? समजा, विद्यार्थ्याने यमनमधली मसीतखानी गत धरली. ती त्रितालाच्या बाराव्या मात्रेपासून उठते: दिर दा दिर दा रा, आणि मग समेवर दा दा रा. नखीचा आत येणारा आघात म्हणजे दा, बाहेर जाणारा तो रा. गत पाठ झाली की निम्मे काम झाले असे मुलांना वाटते. पण परीक्षक म्हणतो, ‘आता आलाप वाजवा. तोडा घेऊन समेवर या.’ येथे घोकलेले संपते नि समजलेले सुरू होते. इंग्लंडात अशा परीक्षा घेणारे मंडळ 1889 साली स्थापन झाले. तेथे व्हायोलिनवर नेमलेली रचना लिहिल्याबरहुकूम वाजवावी लागते. आपल्याकडे विद्यार्थ्याने रागात स्वतःची भर घालावी, अशी अपेक्षा पायरीगणिक वाढत जाते.

पण या सगळ्याआधी वाद्य सुरात हवे. आपल्या जिल्ह्यात घाटाखाली आणि घाटावर अशी दोन हवामाने नांदतात. मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात तार सैलावते, सूर उतरतो. तीच सतार घेऊन मूल बुलढाण्याला गारव्यात आले, की तार आखडते, सूर चढतो. घरी मिळवलेली सतार केंद्रावर तशीच राहील, या भरवशावर राहू नये. निदान तासभर आधी पोचावे, वाद्य गवसणीतून काढून हवेला लागू द्यावे, मग जोडीची तार सा मध्ये, बाजाची तार मध्यमात मिळवावी. पडदेही तपासावेत. ते दांडीला दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकतात. कोमल रिषभ-धैवताच्या रागासाठी काही पडदे मुद्दाम सरकवावेही लागतात. पडदा केसभर हलला तरी मुलाचे बोट बरोबर पडते आणि सूर चुकतो. अशा वेळी मूल गोंधळते. त्याला बोटांचा क्रम ठाऊक असतो, पण दोष कुठे आहे ते कान सांगत नाहीत.

शिक्षकबंधूंना नि भगिनींना येथे एक विनंती आहे. आपल्याला सतार येत नसली तरी आपण पुष्कळ करू शकता. गत वाजवण्याआधी ती मुलाकडून गाऊन घ्या. हातावर त्रिताल धरा आणि चुकलेली सम लगेच दाखवा. शाळेच्या पेटीवर फक्त सा द्या. बाकीचे स्वर मुलाला तंबोऱ्याच्या साथीने शोधू द्या. तंबोरा नसेल तर मोबाइलमधला चालेल. पेटीचा गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून ही खबरदारी. आणि तार मुलाने स्वतः पिळावी. दोन तुटतील, तुटू द्या. दरवेळी मोठ्यांनीच वाद्य लावून हातात दिले, तर मूल मध्यमेपर्यंत जाईलही, पण खुंटीला हात लावायला भिईल.

मिरजेचे कारागीर पंढरपूर भागातल्या कडू भोपळ्यापासून सतारी घडवतात. त्यांच्या या कसबाला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे वाद्य घरात आणणे साध्या कुटुंबाला सोपे नसते. त्यासाठी कुणी कापसाच्या पैशातून काही बाजूला काढते, कुणी दागिना मोडते. मग प्रमाणपत्र भिंतीवर टांगून वाद्य माळ्यावर टाकले, तर तो खर्च वायाच गेला म्हणायचा. परीक्षा जरूर द्यावी. तिच्यामुळे अभ्यासाला तारीख मिळते, शिस्त मिळते. मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मूल आपण होऊन सतार घेऊन बसते का, ते पाहा. बसले, तर वर्ग कोणताही मिळो, ते पास झाले असे समजा.