हस्तिदंताचा सांगाडा आणि गाणारा भूगोल

तंजावरचे मराठा राजे सरफोजी महाराज यांचा छापखाना, त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय, त्यांचं शास्त्रांचं वाचन ऐकून थक्क झालेले बिशप हेबर. तंजावर पाहून आलेल्या माणसाला एवढं पाठ असतं. गाइड तिथेच थांबतो. नवी साधनं शिकवण्याच्या कामी जुंपताना आत काय घडलं, कोण कुठे अडलं, कुणाची कुणाशी चुरस लागली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते ऐकायचं तर सुरुवात कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरपासून करावी लागते.

१६९३ साली तंजावरच्या मराठा गादीचे संस्थापक व्यंकोजी यांचे चिरंजीव शहाजीराजे यांनी कावेरीकाठचं हे गाव ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिलं. घरं दिली, जमिनी दिल्या, पोटाची काळजी मिटवली. रामभद्र दीक्षित इथे राहिले, श्रीधर वेंकटेश अय्यावाळ इथे राहिले. शिकवणं सगळं तोंडी. पोथी ताडपत्राची आणि लेखणी लोखंडाची. गावाला नवं नाव मिळालं शाहजीराजपुरम्. पंडितांनी ते काव्यांत मानानं मिरवलं, पण लोकांच्या जिभेवर जुनंच नाव राहिलं. आजही गाव तिरुविसनल्लूरच आहे.

अय्यावाळांची एक कथा इथे अजून सांगतात. घरी श्राद्ध होतं, ब्राह्मण यायचे होते, आणि दारात भुकेनं व्याकुळलेला एक अस्पृश्य माणूस उभा राहिला. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. सोवळं मोडलं म्हणून बाकीचे संतापले. गंगेत स्नान करून या, मगच तुम्हाला घेऊ, म्हणाले. काशी तर शेकडो कोसांवर. कथा सांगते की अय्यावाळांनी स्तोत्र म्हटलं आणि त्यांच्या विहिरीलाच गंगा आली, इतकी की गल्लीत पाणी शिरलं. कार्तिक अमावास्येला त्या विहिरीवर स्नानासाठी अजूनही गर्दी लोटते. हाच सोवळ्याचा प्रश्न शंभर वर्षांनी तंजावरच्या राजवाड्यात वेगळं रूप घेऊन आला.

त्याआधी सरफोजींचं शिक्षणच हुकण्याचा अपघात थोडक्यात टळला होता. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ साली नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि ते लगेच वारले. गादीवर अमरसिंग बसले. मुलगा जवळजवळ कैदेतच. खिडक्या बंद, शिकवणीचं नाव नाही. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्यानं मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रारींचा धोशा लावला, तेव्हा १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं गेलं आणि त्याचा अभ्यास सुरू झाला. श्वार्त्झ १७९८ च्या फेब्रुवारीत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. ते पाहायला गुरू उरला नव्हता.

गादी मिळाली, पण १७९९ च्या तहानं राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. हाती उरला किल्ला, एक लाख होनांचं वर्षासन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. छत्रंसुद्धा जायची वेळ आली होती. छत्र म्हणजे निव्वळ धर्मशाळा नव्हे. वाटसरूंना जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि मुलांना शाळा हे सगळं तिथे होतं. सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहून ती छत्रं आपल्या हाती राहावीत म्हणून कळकळीनं विनवलं. ती राहिली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र पुढे तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी शिकण्याची जागा झालं. ज्याला फौज ठेवता आली नाही, त्यानं शाळा ठेवली.

छापखान्याची गोष्ट याहून सुरस. १८०३ साली महाराजांनी भोसले वंशाचं चरित्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतलं. पाथरवट अक्षरामागून अक्षर खोदत होते. त्यानंतर दोनच वर्षांत, १८०५ च्या सुमारास, त्याच शहरात देवनागरीचे सुटे खिळे जुळायला लागले. छापखान्याचं नाव नवविद्याकलानिधी. वंशाचा इतिहास दगडावर गेला, मग शाईचा मान कुणाला? मुलांना! सख्खण पंडितांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापून निघाली. संस्कृत विद्यार्थ्यांसाठी तर्कसंग्रहासारखी पाठ्यपुस्तकंही तिथे छापली गेली. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापायला १८२२ उजाडलं. आपण मराठी छपाईचा इतिहास श्रीरामपूर आणि मुंबई या दोन गावांतच फिरवत ठेवतो, हे मला मनापासून खटकतं. मराठी मुलांसाठी छापलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांपैकी एक तमिळ मुलखात तयार झालं.

आता सोवळ्याकडे येऊ. सरफोजींना शरीररचना शिकायची होती, आणि ग्रंथांतल्या चित्रांवर त्यांचं भागत नव्हतं. पण माणसाची हाडं राजवाड्यात आणायची कशी? विटाळ. अय्यावाळांसारखा नियम मोडणं राजाला परवडणारं नव्हतं. मग सांगाडाच हस्तिदंताचा करवून घेतला. ज्या पदार्थाच्या देवमूर्ती घडत, त्यातूनच मांडीचं हाड, बरगडी, मणका. विटाळ नाही आणि अभ्यासही थांबला नाही. शिकवण्याचं साधन स्थानिक हातांना आणि स्थानिक मनाला पेलेल असं घडवणं म्हणजे काय, याचा याहून चोख नमुना मला माहीत नाही.

खरी चुरस मात्र भूगोलाच्या तासाला लागली. वेदनायकम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवी श्वार्त्झचेच शिष्य, महाराजांचे जणू गुरुबंधू. पेशानं शिक्षक. त्यांनी १८०० साली ‘बेथलहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळनाडूचा लाडका नृत्यनाट्यप्रकार: नायिका विरहानं झुरते, डोंगरातली कुरवंजी हात पाहून भविष्य सांगायला येते, आणि त्याआधी आपला डोंगर, आपला मुलूख गाऊन वर्णन करते. शास्त्रीबुवांनी या साच्यात सूर्याभोवती फिरणारे ग्रह बसवले. कोपर्निकस तालावर आला.

महाराजांनी याला मराठीत उत्तर दिलं. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त इंद्राणी झुरते आहे आणि कुरवंजी आपल्या डोंगराऐवजी थेट पृथ्वीचं वर्णन गाते: खंडं, देश, समुद्र. मुलाला नकाशा कळो न कळो, चाल तर बसतेच आणि चालीबरोबर युरोप-आफ्रिकाही डोक्यात बसतात. मला ही कल्पना छापखान्याहून मोठी वाटते. छापखाना बाहेरून आणता येतो. कुरवंजीच्या तोंडी भूगोल घालायला आपली माणसं काय ऐकायला रात्र जागवतात हे ठाऊक असावं लागतं. दोघा गुरुबंधूंची ओढाताण मात्र संपली नाही. असं सांगतात की महाराजांनी शास्त्रीबुवांना रचनेत गणेशवंदन घालायला सांगितलं आणि त्यांनी साफ नकार दिला. दुसरा राजा असता तर कवीची पायरी उतरवली असती. इथे तेच शास्त्री पुढे दरबारी कवी झाले.

‘देवेंद्र कुरवंजी’च्या नशिबी मात्र रंगभूमीवरची रंगत आली नाही. बृहदीश्वराच्या उत्सवात वर्षानुवर्षं नाचली गेली ती तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’. तिचा नायक होता खुद्द सरफोजी. राजाचं कौतुक लोकांच्या पायांत गेलं आणि राजानं रचलेला भूगोल १९५० साली छापला जाईपर्यंत बासनात पडून राहिला.

सरफोजी १८३२ साली गेले. त्याच मुलखातल्या एका मराठी घरात, कुंभकोणमला, १८२८ मध्ये जन्मलेला माधवराव तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढे मद्रासच्या हायस्कुलात त्याला पॉवेल नावाचे गणिताचे मास्तर मिळाले. पॉवेलसाहेब एग्मोरच्या आपल्या घराच्या माडीच्या व्हरांड्यात खगोल शिकवत. माधवरावानं बांबूच्या नळ्यांत लहान भिंगं बसवून दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक स्वतःच बनवले. काही काळ तर पॉवेल यांच्या जागी गणित शिकवण्याचं कामही त्याच्याकडे आलं.

हाच मुलगा पुढे सर टी. माधवराव झाला. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक, मग दिवाण, आणि १८७५ पासून बडोद्याचा दिवाण. बडोद्याचे अल्पवयीन महाराज सयाजीराव यांना रोज शिकवायला इलियटसाहेब होते. पण राज्य कसं चालवायचं याची व्याख्यानं १८८१ साली माधवरावांनी दिली. त्याच वर्षाअखेर सयाजीरावांच्या हाती कारभार आला, आणि पुढच्याच वर्षी मतभेदांपायी गुरूनं राजीनामा दिला. शिष्यानं मात्र १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बडोद्याच्या ग्रंथालय खात्यानं दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा उघडून मॅजिक लँटर्न आणि सिनेमा लोकांना फुकट दाखवायला सुरुवात केली.