राखणदार कोणाचा?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. एवढ्या विस्तारात एकच नियम चालवायचा, तर प्रभागोप्रभागी माणूस बसवावा लागतो. मोठ्या संगणक-केंद्रांचेही तसेच आहे. तेथे एकेका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात. त्यांच्यावर पहारा ठेवण्यासाठी प्रत्येक ठिकाणी आणखी एक आभासी यंत्र, म्हणजे राखणदार, लागतो. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत तो कोणत्या यंत्रसमूहावर हवा, एवढे आज्ञावलीतून एकदा नोंदवले की पुरे. समूहात नवे यंत्र येताच राखणदार आपोआप उभा राहतो, इतरांआधी जागा होतो. कोणी पुसला तर पुन्हा अवतरतो. सरकारी कचेरीतली रिकामी जागा इतक्या तत्परतेने भरली जात नाही! परंतु हा राखणदारही मेमरी आणि वीज खातोच. शिवाय ज्या कंपनीची व्यवस्था, तिच्या अटी पाळणे आले. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच डिसेंबरात कायमचे परवाने विकणे थांबवून ग्राहकांपुढे केवळ वर्गणीचा मार्ग ठेवला. सार्वजनिक पैशातून अशी केंद्रे उभारणाऱ्यांनी निविदेतच विचारावयास हवे, की ही व्यवस्था सोडून जायचे झाले, तर खर्च किती आणि तो कोणी सोसायचा?