पाणी तापू लागलं, कृष्णाकाठी गळ पडू लागले. मासा कुठं लागतो आणि धोका कुठं असतो?

पलूस : होळी जळाली, थंडी पळाली असं म्हणतात. पण हवेतली थंडी गेली तरी नदीच्या पाण्यातली थंडी लगेच जात नाही. खोल डोहातलं पाणी गार राहतं आणि काठाचं गुडघाभर पाणी आधी तापतं. फाल्गुनात कृष्णाकाठी गळ टाकणाऱ्याला एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात सध्या सकाळ-संध्याकाळ हौशी पोरं काठावर दिसायला लागली आहेत.

थंडीत मासा सुस्त असतो. माशाच्या अंगाची गरमी पाण्यावर चालते. पाणी गार असलं की भूक कमी, हालचाल कमी. रोहू, कटला डोहात जाऊन बसतात आणि गळाला तोंड लावत नाहीत. पाणी कोमट झालं की ते चरायला बाहेर पडतात. त्यामुळं या दिवसांत पहाटे लवकर जाऊन फारसं हाती लागत नाही. नऊ-दहानंतर ऊन काठावर पडलं की मासा हलतो. दुपार कलल्यावर दिवस मावळेपर्यंतचा वेळ त्याहून चांगला. एप्रिल-मे महिन्यात हे उलटं होतं, तेव्हा पहाटच बरी.

कोणता मासा कुठं, हेही ठरलेलं आहे. कटला वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी ज्वारीच्या ताटाचा तुकडा किंवा थर्माकोल दोऱ्याला बांधून गळ अधांतरी ठेवावा लागतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. तिघांनाही कणीक आणि शेंगपेंडीचा गोळा चालतो, त्यात थोडा कोंडा मिसळला तर गोळा पाण्यात हळूहळू सुटतो आणि वासानं मासा जवळ येतो. शिंगटा आणि वाम तळाचे, त्यांना गांडूळ लागतं. वाम दगडांच्या कपारीत राहते आणि अंधार पडल्यावर निघते. शिंगट्याचे काटे हाताला लागले तर ठणका चांगलाच बसतो, म्हणून गळ काढताना फडकं हवं. मरळ केंदाळाच्या कडेला दबा धरून असते, तिला जिवंत बारकी मासळी लागते.

सगळ्यात जास्त लागते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. पाणी तापलं की नर उथळ जागी तळाला ताटलीसारखा खड्डा करतो आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. काठापासून चार-पाच फुटांवर असे गोल खड्डे दिसले तर तिथं चिलापी आहे समजायचं. मोठी मिळत नाही, पण कालवणापुरती होते.

पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, त्यामुळं या दिवसांत नदी वाहत्या पाण्यापेक्षा तळ्यासारखी जास्त असते. कोयनेतून पाणी सोडलं की पातळी वाढते, ताकारी-म्हैसाळच्या उपशाचे पंप सुरू झाले की उतरते. पाणी उतरताना मासा काठ सोडून आत जातो. कालची जागा आज रिकामी निघाली तर नशिबाला बोल लावण्याआधी काठावरची ओल बघावी.

आता धोक्याचं. तापलेल्या उथळ पाण्याला मासा येतो, तिथंच मगरही येते. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ. मादी काठाच्या वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते आणि जवळपास दोन महिने आसपास राखण करते. वाळू आणि माती उपशानं अशा जागा कमी उरल्या आहेत. ज्या उरल्यात त्या नेमक्या माणसाला उतरायला सोप्या, उताराच्या जागा आहेत. कृष्णाकाठी मगरीच्या हल्ल्यात यापूर्वी माणसांचे, लहान मुलांचेही जीव गेले आहेत.

गळ टाकणाऱ्याची चूक बहुतेक एकच असते. गळ दगडात किंवा केंदाळात अडकतो आणि तो सोडवायला माणूस पाण्यात उतरतो. गळ दहा-वीस रुपयांचा. तेवढ्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात जायचं कारण नाही, दोरा तोडावा. धरलेले मासे पिशवीत घालून पाण्यात बांधून ठेवायची सवयही वाईट. तडफडणाऱ्या माशाकडं मगर येते. मासा काठावरच साफ करून आतडी पाण्यात टाकणं त्यातलंच. रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला जाणारे शेतकरी त्याच वाटेनं पाण्याकडं जातात, हे तरी ध्यानात ठेवावं.

काठावर ओली घसरपट्टी, शेपटीची ओढ किंवा मातीत मोठं बीळ दिसलं तर जागा बदलावी. मगर उघड्या तोंडानं उन्हात पडली असेल तर ती चवताळलेली नसते, अंगाची गरमी सांभाळत असते. पण फोटोसाठी जवळ जायचं नाही. दगड मारणं, अंडी उकरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. वस्तीजवळ मगर दिसली तर वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६.

आणखी एक खूण. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ-आ करताना दिसले तर ती चरण नव्हे. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यात मळी किंवा सांडपाणी मिसळलं की मासा गुदमरतो. असा मासा हातानंही धरता येतो, म्हणून लोक पोती भरतात. तो खाऊ नये, विकू तर नयेच. पाण्याला वास आणि काळपट रंग असेल तर जनावरंही पाण्यावर नेऊ नयेत, ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवावं. पाणी वाहून गेलं की नमुन्यात काही सापडत नाही.

ज्या पट्ट्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडं आहे तिथं आधी विचारावं. तुटलेला तंगूस हाताला येईल तेवढा गुंडाळून घरी आणावा. काठावर पडलेल्या दोऱ्यात बगळे आणि कासवं अडकतात.