लोकप्रियता आणि मैत्री

दहावी-बारावीच्या वयात आपल्या मुलांस परीक्षेइतकीच आणखी एक चिंता ग्रासते : वर्गात आपण सर्वांना हवेसे आहोत ना? त्यासाठी काही जण आपला विवेकही गहाण टाकतात. अशा वेळी आम्हांस संत फ्रान्सिस झेवियर आठवतात.

जुन्या गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत, ते हे संत पॅरिसला शिकत असताना खेळांत तरबेज होते. मानसन्मानाची त्यांस मोठी हौस होती. १५२९ साली त्यांच्या खोलीत इग्नेशियस लोयोला हा लंगडणारा, प्रौढ विद्यार्थी राहावयास आला. झेवियरांस तो प्रथम रुचला नाही. परंतु त्यांच्या आत्म्याची काळजी वाहणारा मित्र तोच ठरला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर त्या दोघांसह सात सोबत्यांनी व्रते घेतली. पुढे दूर पूर्वेकडील बेटांवर झेवियर या सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून जवळ बाळगीत.

मुलांनो, टाळ्या देणारे पुष्कळ भेटतील. चूक तोंडावर सांगून पाठीमागे ती झाकणारा एखादाच. त्याला अंतर देऊ नका. आणि ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही, त्याच्या बाकावर उद्या तुम्ही जाऊन बसा.