जोडणी तोडण्याचा अधिकार

मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम हजारो स्वतंत्र सर्व्हरचे मिळून बनले आहे. ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत ते सुरू केले. प्रत्येक सर्व्हरचे चालक वेगळे, नियम वेगळे. तरीही ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक पद्धतीमुळे एकीकडचा सदस्य दुसरीकडच्याचे लेखन वाचतो, त्याला उत्तर देतो. मात्र ही जोडणी कोणावरही बंधनकारक नाही.

ती नाकारण्याचे पहिले कारण म्हणजे सदस्यांची सुरक्षितता. द्वेषपूर्ण मजकुरासाठी टीका झालेले ‘गॅब’ हे समाजमाध्यम २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या प्रणालीवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरनी त्याला दारे बंद केली.

दुसरे कारण अपुऱ्या मनुष्यबळाचे. जून २०२३ मध्ये ‘रेडिट’ या चर्चा-संकेतस्थळावरील वादानंतर ‘लेमी’ या स्वतंत्र सर्व्हरच्याच चर्चामंचांच्या जाळ्यात नव्या लोकांचा लोंढा आला. तिथला ‘बीहॉ’ हा समूह अर्ज तपासूनच सदस्यत्व देत असे. शेजारच्या दोन मोठ्या सर्व्हरवर नोंदणी सर्वांना खुली होती. तिकडून येणाऱ्या त्रासदायक मजकुरावर लक्ष ठेवणे मूठभर स्वयंसेवकांना झेपेना, म्हणून बीहॉने दोघांशीही संबंध तोडले. दुरावा केवळ वैरातूनच नव्हे, तर आवाक्याबाहेरच्या कामामुळेही येतो, हे यातून दिसते.

तिसरे कारण स्वायत्ततेचे. जुलै २०२३ मध्ये मेटा कंपनीचे ‘थ्रेड्स’ हे समाजमाध्यम सुरू झाले. ते मॅस्टोडॉनच्या जाळ्याला जोडले जाण्यापूर्वीच अनेक चालकांनी त्याला रोखण्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कलाने सारे जाळे चालू लागेल, ही त्यांची भीती होती.

हा प्रश्न नवा नाही. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या आयआरसी या गप्पांच्या जाळ्यात १९९० मध्येच फूट पडली. बर्कलीतील ‘एरिस’ सर्व्हर कोणालाही पासवर्डशिवाय जोडून घेत असे. ते अमान्य असणाऱ्यांनी त्याला वगळून ‘ईएफनेट’ उभारले.

संबंध तोडण्याची किंमत सामान्य सदस्य मोजतात. मॅस्टोडॉनवर एखादा सर्व्हर पूर्ण बंद केला, की दोन्हीकडच्या सदस्यांनी एकमेकांना केलेले ‘फॉलो’ तुटतात. बंदी उठली तरी ते आपोआप परत येत नाहीत. म्हणून मधला मार्गही ठेवलेला आहे: त्या सर्व्हरवरचे लेखन सार्वजनिक यादीत दिसत नाही, पण आधीपासून फॉलो करणाऱ्यांना वाचता येते. जिथे एवढ्याने भागते, तिथे पूर्ण बंदी टाळावी; ती अटळ असेल, तर कारण जाहीर करून सदस्यांना आगाऊ कळवावे. दार लावण्याचा हक्क समूहाचा असला, तरी त्यामागचे कारण जाणण्याचा हक्क सदस्यांचा आहे.