सोनं संपल्यावरची टांकसाळ

खनिज संपलं की खाणीचं गाव ओस पडतं, हा जगभरचा अनुभव आहे. मध्य स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्सानं तो खोटा ठरवला. चहूबाजूंनी डोंगर, मधून ह्रोन नदीकडे धावणारा एक ओढा आणि त्याच्या खोऱ्यात जेमतेम पाच हजारांच्या आसपास वस्ती, एवढंच हे गाव. इथली सोन्याची खाण १९७० मध्ये बंद झाली. पण तिच्या भरवशावर १३२८ मध्ये उघडलेली टांकसाळ अजून नाणी पाडते आहे. या दीर्घायुष्याचं श्रेय सहसा सोन्याला दिलं जातं. माझ्या मते त्याचे खरे मानकरी कस पारखणारे आणि ठसे कोरणारे कारागीर आहेत.

हंगेरीचा राजा चार्ल्स रॉबर्ट यानं १७ नोव्हेंबर १३२८ रोजी गावाला सनद दिली. बोहेमियातल्या कुटना होरा इथले, खाणकामात आणि नाणी पाडण्यात मुरलेले लोक इथे आले. १३३५ पासून सोन्याची नाणी पडू लागली, फ्लोरेन्सच्या फ्लोरिनच्या धर्तीवर. पुढे क्रेमनित्साचे डुकाट दूरदूरच्या बाजारांत डोळे झाकून घेतले जाऊ लागले. सोनं इतर ठिकाणीही निघत होतं. नाण्यागणिक, पिढ्यान्‌पिढ्या कस तोच ठेवणं ही मात्र चोख पारखीची आणि शिस्तीची कमाई होती. कोरीवकामाची कथाही अशीच. सोळाव्या शतकात इथल्या कारागिरांनी बायबलमधले प्रसंग कोरलेली पदकं घडवली. नंतर घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणाऱ्या संत जॉर्जची पदकं इतकी लोकप्रिय झाली, की सैनिक आणि खलाशी ती ताईत म्हणून जवळ बाळगत. अशा वस्तूला लोक धातूच्या भावापेक्षा जास्त मोल देत होते, आणि ते वरचं मोल कोरणाऱ्या हाताचं होतं. निसर्गानं तर इथे हात आखडताच घेतला होता. ओढ्याचं पाणी पुरेना, म्हणून तुर्चेकहून सुमारे २२ किलोमीटर लांबीचा पाट खोदून, शेजारच्या नदीखोऱ्यातलं पाणी पाणलोटाची सीमा ओलांडून आणलं गेलं. खाणीचे पंप आणि खनिज कुटणारी यंत्रं त्यावर चालत.

राजाश्रय होता म्हणून टांकसाळ टिकली, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे; सरकारी मागणीशिवाय कुठलीच टांकसाळ जगत नाही. पण जिच्याकडून क्रेमनित्सानं विद्या घेतली, त्या कुटना होरालाही राजाश्रय होता. तिथली चांदी आटत गेली आणि १७२७ मध्ये टांकसाळ थांबली. हंगेरीच्या राज्यातली ट्रान्सिल्व्हेनियामधली टांकसाळही १८७१ मध्ये बंद पडली. त्यानंतर बुडापेस्टसारखी राजधानी असताना त्या राज्याची नाणी या आडवळणाच्या गावातच पडत राहिली. राजाश्रय अनेकांना मिळतो. तो कोणाकडे टिकतो, हे कामाच्या दर्जावर बरंच अवलंबून असतं.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा पहिल्या महायुद्धानंतरचा आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं, सीमा बदलल्या आणि यंत्रं व ठसे हंगेरीत नेले गेले. बुडापेस्टमध्ये पाडलेल्या नाण्यांवर काही काळ क्रेमनित्साचीच ‘केबी’ ही खूण उमटत राहिली. मागे उरल्या रिकाम्या भिंती आणि काम जाणणारी माणसं. तरीही नव्या चेकोस्लोव्हाकियानं आपली टांकसाळ इथेच उभी केली, आणि १९२१ मध्ये वीस हालेरची नाणी बाहेर पडली. प्रागची टांकसाळ केव्हाच बंद झालेली असल्यानं दुसरा पर्याय नव्हता, हे खरं. पण यंत्रसामग्री नव्यानंच आणायची, तर ती कुठेही बसवता आली असती. ती डोंगरातल्या या गावी आणली गेली, यात तिथल्या अनुभवी हातांचा वाटा मोठा असणार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मनांनी टांकसाळ पुन्हा उजाड केली, आणि ती पुन्हा उभी राहिली. धनी बदलले, यंत्रं बदलली, चलनं तर किती आली नि गेली: ग्रोश, डुकाट, टालर, कोरुना आणि २००९ पासून युरो. मग सलग चालू राहिलं ते काय? माझं उत्तर एकच: कारागिरी.

आता नाणीच हातांतून कमी फिरू लागली आहेत, तेव्हा अशा टांकसाळीचं भवितव्य काय, हा प्रश्न रास्त आहे. सोनं संपलं तेव्हा जे उपयोगी पडलं, तेच इथेही पडेल असं मला वाटतं. स्मरणनाणी आणि पदकं इथे घडतातच, शिवाय परदेशांची कामंही येत आली आहेत. भारतानंही एकेकाळी इथून रुपयाची नाणी पाडून घेतली होती. घरातल्या डब्यात जुनी नाणी पडली असतील, तर वर्षाखालची खूण भिंगातून नीट पाहा. तिथे ‘एमके’ ही अक्षरं दिसली, तर तो रुपया क्रेमनित्साचा आहे.